बिनखांबाचं लेणं

देवीदास विहिरी खोदायचा. सौंसरपासून मोहगावपर्यंतच्या कितीतरी संत्राबागांचं पाणी त्याच्या पहारीनं वर आणलेलं. माणूस मात्र भलता हट्टी. आम्हा वस्तीतल्या लोकांबरोबर एकदा वेरूळ पाहून आला आणि आपल्या खडकाळ वावरातल्या टेकडीत बुद्धाचं लेणं कोरायला लागला.

"विहिरीतून निंगाले तं आता डोंगरात घुसून राहिले!" बायको चंद्रकला कपाळावर हात मारायची.

काही वर्षांत मागच्या भिंतीत बसलेला बुद्ध उमटला. नाक जरा जाड, पण चेहरा शांत. समोर ऐसपैस जागा, खांब एकही नाही. वेरूळचे खांब त्याला नुसते शोभेचे वाटले होते.

"खांबाच्या मांगं बसलेल्याले बुद्ध दिसत नाही," तो म्हणायचा. "आपन लय वर्सं मांगंच बसलो."

हे ऐकून आमचे डोळे भरून यायचे. जन्मभर विहिरी खोदणाऱ्याला छत कुठलं माहीत असणार, हे मात्र आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात छताला बारीक भेग दिसली. देवीदासनं तिच्यावर चुन्याचा पट्टा ओढला. चुना तडकला तर दगड हलतोय, असा त्याचा हिशेब. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी चुना तडकलेला होता.

तोवर पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, कडेवरची लेकरं, अशी सगळी वस्ती पहिल्या वंदनेला टेकडीवर पोचली होती. देवीदास दारात हात आडवे करून उभा राहिला.

"कोनी आत जाऊ नोका. छत हलून राह्यलं."

म्हातारे सुखदेवबाबा चिडले. "बुद्धाच्या घरात भेव कायचं?"

"घर बुद्धाचं हाये, बाबा. छत माह्यं हाये."

पण पौर्णिमेला बुद्ध अंधारात कसा ठेवायचा? तो एकटाच मेणबत्ती घेऊन आत निघाला.

"बोलत राह्यजा," चंद्रकला म्हणाली. "आवाज आला पायजे मले."

आतून तो त्रिसरण म्हणू लागला, बाहेर आम्ही. अचानक खडखडाट झाला. दारातून धूळ आली आणि त्याचा आवाज थांबला.

"उषाचे बाबा, बोला ना!" चंद्रकला किंचाळली.

ती आत धावणार तेवढ्यात रडवेला आवाज आला, "काय म्हनू? समदं इसरलो मी."

सुखदेवबाबांनी पुढची ओळ मोठ्यानं धरली, आम्ही सगळ्यांनी उचलली. त्या आवाजाच्या रोखानं देवीदास चाचपडत बाहेर आला. चंद्रकलेनं त्याला आधी चार शिव्या घातल्या, मग घट्ट धरून ठेवलं.

लेण्यातून काढलेल्याच दगडांनी त्यानं पुढं दार बुजवलं. बुद्धाचं तोंड दिसेल एवढंच भोक ठेवलं. दर पौर्णिमेला आम्ही तिथे एकामागे एक रांगेत उभे राहतो. सगळ्यांत मागे देवीदास. त्याची पाळी आली की भोकाला डोळा लावून तो आधी छताकडे बघतो आणि मग बुद्धाला हात जोडतो.