मानाच्या कावडीचा चहा

भैरवनाथाच्या अंघोळीसाठी आणलेल्या पाण्याचा मी चहा केला, ही गोष्ट खरी आहे. चहा चांगला झाला होता, हीही गोष्ट खरी आहे. पण गावात पहिल्या गोष्टीची जेवढी चर्चा झाली असती तेवढी दुसरीची झाली नसती, म्हणून तीन वर्षं मी गप्प बसलो. आता ज्यांनी तो चहा प्यायला, त्यांनीच लिहायची परवानगी दिली आहे.

आमचं गाव प्रवरेच्या काठावर. दारात नदी, पण आमच्या देवाला अंघोळीला पाणी लागतं ते गोदावरीचं! चैत्रात यात्रेच्या आधी गावची पोरं पुणतांब्याला जातात, तिथून गंगेचं (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) पाणी कावडीत भरतात आणि भर उन्हात अनवाणी चालत गावात आणतात. त्यातली पहिली कावड आमच्या घराची. तिचं पाणी आधी आमच्या घरी मोठ्या कलशीत ठेवायचं, चार वाजता वाजतगाजत देवळात न्यायचं, आणि ते देवाच्या अंगावर पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी तांब्यासुद्धा उचलायचा नाही. एखाद्या वर्षी आमचं पाणी नसलं, तर मान वरच्या आळीकडे जाणार, हेही ठरलेलं. वरची आळी तीन पिढ्या त्या वर्षाची वाट बघते आहे.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्त झाल्यावर रिकामं बसवेना, म्हणून गावच्या इतिहासाची पुस्तिका लिहिली. त्यात 'प्रवरेची भेट' या आमच्या प्रथेवर सलग दोन पानं आहेत. कावड गावात शिरताना तिच्यात प्रवरेचं तांब्याभर पाणी घालतात, एवढीच ती प्रथा. पण मी तिच्यात दोन नद्यांचा संगम, दोन संस्कृतींचं मीलन, पूर्वजांची दूरदृष्टी असं बरंच काही शोधून काढलं होतं. (काय काय, ते आता वाचताना मलाच घाम फुटतो.) पुस्तिकेचं प्रकाशन यात्रेच्या दिवशीच, कावडीनंतर होणार होतं.

त्या दिवशी सकाळी कावड आली. आमच्या सौभाग्यवतीनं ओवाळलं, कलशी उचलून स्वयंपाकघरात नेली, कारण आमच्या नव्या घरात देवघर ओट्याशेजारीच आहे. मी या सगळ्यात फक्त फेटा सांभाळत होतो. मग ती महाप्रसादाच्या पोळ्या लाटायला देवळात गेली आणि दुपारी दोन वाजता यात्रा कमिटीचे आठ जण पुस्तिका बघायला दारात हजर!

कमिटीचे अध्यक्ष तात्या खुर्चीत टेकत म्हणाले, "मास्तर, लई ऊन हाय. आधी पानी द्या."

मी आत गेलो. ओट्याजवळ तांब्याचं एक चकचकीत भांडं होतं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं, असा कुणाचा तरी संदेश सौभाग्यवतीला मोबाईलवर आला होता आणि ती श्रीरामपूरच्या बाजारातून तसं भांडं आणणार, असं महिनाभर ऐकत होतो. आणलं वाटतं, असं म्हणून मी आठ पेले भरले. पाणी थंडगार होतं. सगळ्यांनी आणखी एकेक पेला मागितला.

मग चहा. आयुष्यात मी पहिल्यांदाच चहा करत होतो. पहिलं आधण उतू गेलं. पातेलं विसळलं (त्याच पाण्यानं!), दुसरं आधण ठेवलं. माझी आई पलीकडे बाजेवर बसून सगळं बघत होती. ती ऐंशीच्या पुढची असली, तरी तिची नजर अजून शाबूत आहे. ती काही बोलली नाही, मीही काही विचारलं नाही.

"चहा फक्कड झालाय!" तात्यांनी दुसरा कप घेतला. "वैनी न्हाईत, तरी असा चहा!"

मी फुललो. पुस्तिकेपेक्षा चहाचंच जास्त कौतुक झालं, याचं तेव्हा थोडं वाईटही वाटलं.

साडेतीनला सौभाग्यवती परत आली. स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, कलशी हलकी लागतीये!"

"उन्हानं आटलं असेल."

"झाकणाखाली?"

मग ओट्यावरचं पातेलं तिला दिसलं.

"चहा कुणी केला?"

"मी!" चौतीस वर्षांच्या संसारात मी प्रथमच हे वाक्य बोलत होतो. तिला आनंद व्हायला हवा होता.

"पाणी कुठलं घेतलंत?"

"तांब्याच्या भांड्यातलं. तूच म्हणतेस ना, प्रकृतीला चांगलं असतं?"

"ते भांडं मी अजून आणलेलंच नाही!"

मी कलशीकडे बघितलं. कलशी माझ्याकडे बघत होती.

"अहो, हळदकुंकू लावलेलं दिसलं नाही?"

"मला वाटलं, नवीन भांडं म्हणून लावलंय."

आजोबांनी, वडिलांनी सांभाळलेला मान मी आलं घालून उकळला होता! वडिलांची फार आठवण आली. ते गेले त्या वर्षीसुद्धा आमची कावड चुकली नव्हती. बाहेर बँडवाले जमायला लागले होते, आणि मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

"आई, तू बघत होतीस ना? मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू इतिहास लिवनारा मानूस. कुटं तरी वाचलं असंल तसं."

तेवढ्यात तात्या आत आले. "मास्तर, चला. कलशी घ्या."

"तात्या, कलशीतलं पाणी..."

"काय झालं?"

"तुम्ही प्यायलात."

तात्यांनी भिंतीचा आधार घेतला. "मी?"

"दोन पेले. आणि दोन कप."

"आन् बाकीच्यांनी?"

"त्यांनीही."

तात्या खाली बसले. "मास्तर, ह्ये भाईर कळलं तर वरची आळी मला गावात ऱ्हाऊ द्यायची न्हाई! तुमच्या मानाचं जाऊ द्या, माझं अध्यक्षपद गेलं की!"

तेव्हा बाजेवरून आई म्हणाली, "अरं, एवढं काय घाबरताय? ह्याच्या आज्यानं तरी काय येगळं केलं हुतं?"

"म्हंजी?" तात्यांनी विचारलं.

"माझं लगीन हून वरीस झालं हुतं. तवा पूल कुटं हुता? मामंजी कावड घिऊन नदीतनं येत हुते, त्यांचा पाय घसरला आन् कावड उपडी! तळाला वंजळभर ऱ्हायलं. मग त्यात प्रवरंचं पानी भरलं आन् येशीत येऊन सांगितलं, दोन बहिनींची भेट घातली म्हनून! तवापास्नं समदे घालत्यात."

कोपऱ्यात पुस्तिकेचे गठ्ठे होते. दोन संस्कृतींचं मीलन, पूर्वजांची दूरदृष्टी, सगळं छापून, बांधून तयार! मी त्याच गठ्ठ्यावर मटकन बसलो.

तात्यांचा चेहरा मात्र उजळला. "मास्तर, बघा बरं, वंजळभर तरी हाय का?"

कलशी तिरकी केली. तळाला पाणी चमकलं.

"हाय! मग घाला अजून एक भेट!"

नदी गावाच्या दुसऱ्या टोकाला, चालत जायला वेळ नव्हता. सौभाग्यवतीनं स्कूटी काढली. मागे मी, डोक्याला फेटा, मांडीवर कलशी. आम्ही मागच्या दारानं गुपचूप निघालो, पण बँडवाल्यांनी पाहिलंच! मानाची कावड निघाली म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली, त्यांच्यामागे गाव निघालं, गावामागे वरची आळी. तात्यांनी घाईघाईनं बँडवाल्यांचा माईक हातात घेतला आणि ओरडले, "मानाची कावड प्रवरामाईच्या भेटीला निगाली हो!"

दोनच दिवसांपूर्वी धरणातून आवर्तन सुटलं होतं, म्हणून नदीला पाणी तरी होतं. मी वाकलो, कलशी भरली, वळलो आणि आजोबांचा वारसा पुढे चालवला. पाय घसरून थेट पाण्यात! फेटा वाहून जाता जाता सौभाग्यवतीनं धरला. कलशी मात्र मी दोन्ही हातांनी वर धरून होतो.

"भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" काठावरून सगळं गाव गरजलं. मास्तरांनी फेट्यासह स्नान केलं, केवढी ही भक्ती, असं वरच्या आळीची माणसंसुद्धा म्हणाली. मी निथळत्या अंगानं देवळात गेलो आणि पहिलं पाणी घातलं. देव काही बोलला नाही, माझ्या आईसारखाच.

पुढच्या वर्षी यात्रेच्या दिवशी दोन वाजता कमिटी दारात. "मास्तर, चहा ठेवा. रिवाज हाय." चार वाजता सौभाग्यवतीच्या स्कूटीला हार घातलेला होता. नदीवर पोचल्यावर मला वाटलं, आता सुटलो. तर काठावरून वरची आळीच ओरडली, "मास्तर, अंघोळ ऱ्हायली!" तेव्हापासून दर चैत्रात मी फेट्यासकट प्रवरेत बुडी मारतो आणि आठवडाभर शिंकतो. कावडीचं पाणी मात्र आता आईच्या बाजेखाली असतं.

यंदा पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. तात्यांच्या आग्रहावरून तिच्यात एक वाक्य वाढवलं आहे, पान चौदा: 'कावडीच्या दिवशीचा चहा, स्कूटीवरून नदीभेट आणि फेट्यासह स्नान या प्रथा फार प्राचीन असाव्यात, त्यांचा उगम अज्ञात आहे.' खाली संशोधक म्हणून माझं नाव आहे.