याकोबचं पान

सर्वपित्री अमावास्येला कोणी फिरायला निघतं का, असं आमच्या सोसायटीत जो तो विचारत होता. पण आईने हट्टच धरला होता. अकोल्याच्या मीरामावशीला भेटायचं, आणि तेही याच अमावास्येला. मावशी नव्वदीची, आई पंच्याहत्तरीची. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती.

पुण्याहून गाडीने बडनेऱ्याला उतरलो. तिकीट खूप आधी काढा; पितृपक्षात गाड्या रिकाम्या असतात हा माझा गैरसमज पार फिटला. तिथून रिक्षाने अमरावती. रिक्षावाल्याशी घासाघीस आईनेच केली, आणि मला बाजूला उभं केलं. अमरावतीत तिला एकच जागा पाहायची होती, मीरामावशीच्या काकांचा दवाखाना. तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. आई पायरीवर जरा टेकली आणि मला पुन्हा सगळं सांगू लागली. मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांत ऐकलेलं, पण तुम्हाला सलग सांगते.

मीरामावशी म्हणजे मूळची मिरियम. ज्यू. युरोपात नाझी ज्यूंना घराघरातून उचलून नेऊ लागले तेव्हा ती सात वर्षांची होती, धाकटा याकोब चार वर्षांचा. आईवडिलांनी दोघांना वेगवेगळ्या शेतकऱ्यांकडे लपवलं. ते स्वतः छावणीत गेले ते गेलेच. मावशी गोठ्यावरच्या माळ्यात राहून वाचली. युद्ध संपल्यावर याकोबला ठेवलं होतं ते घर रिकामं सापडलं. काका आधीच जीव वाचवून इथे आले होते, त्यांनी तिला बोलावून घेतलं. ती मराठी शिकली, नर्स झाली, अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, शेजारी राहायला आली.

अमरावतीहून एसटीने अकोला दोन-अडीच तास. रस्ता आता चांगला आहे, दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. मूर्तिजापूरला आलूबोंडा खा, पण वरची झणझणीत तर्री जपून घ्या. बसमध्ये बसताच आईची भाषा वऱ्हाडी झाली, बायकाही 'घेतो', 'आलो' म्हणतात ती. कंडक्टर बॅगेवरून ओरडला तर म्हणाली, "कावून रागावतं रे बाबा, घेतो ना मांडीवर." चाळीस वर्षांचं पुणं तिथेच उतरलं.

मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो की रिक्षा सोडा, गल्ल्या पायीच बऱ्या. मीरामावशी दारात खुर्ची टाकून बसली होती. आईला पाहून हसली, वाळलीस म्हणाली, आणि मला चहा टाकायला पिटाळलं. आई कशासाठी आली आहे ते दोघींना ठाऊक होतं.

झालं होतं असं. अकोल्यात आल्यावरही मावशी रोज पोस्टमनची वाट बघायची. मदत-संस्थांना पत्रं लिहायची, याकोबचा पत्ता काही लागत नव्हता. आजीला ते बघवेना. आपल्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात, मग तो गेला असं धरून त्याचं पान वाढतात. आईवडिलांच्या मरणाची तिथी माहीत नाही म्हणून मावशी त्यांची पानं आजीसोबत सर्वपित्रीला वाढायचीच. युद्ध संपून बारा वर्षं झाली तेव्हा आजी म्हणाली, पोरी, आता त्यालाही मोकळं कर. त्या अमावास्येपासून गच्चीवर तिसरं पान जाऊ लागलं. ते पहिल्यांदा वर नेलं ते माझ्या सात वर्षांच्या आईने. पत्रं थांबली.

आणि गेल्या वर्षी परदेशातून याकोबच्या मुलीचा फोन आला. दुसऱ्या घरात, दुसऱ्या नावाने तो वाढला होता. संसार केला, नातवंडं पाहिली. फोनच्या काही महिने आधी गेला; बहिणीसाठी त्याने चालवलेला शोध मुलीने पुढे नेला होता.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. आईने पहाटेपासून स्वयंपाकाला हात घातला: उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर. तळता तळता पाठमोरीच म्हणाली, "मावशी, माह्या मायच्या वतीनं माफी मागाले आलो मी."

मावशी म्हणाली, "तुह्या मायनं मले जगाले लावलं. नाही तं मी त्या दारातच मेलो असतो. पण याकोब शेवटपर्यंत मले शोधून राहिला होता, अन् मी त्याले कावळ्याचं पान वाढत होतो. दोन्ही खरं हाये."

आईला रडू आवरेना. मी नुसतीच वडे मोजल्यासारखं करत उभी राहिले.

दोन पानं गच्चीवर गेली. तिसरं मावशीने स्वतः वाढलं आणि आत जेवणाच्या टेबलावर, आपल्या समोर ठेवलं. शेजारी पाण्याचा पेला. भावाला वाढावं तसं आग्रहाने एक वडा जास्त घातला. मग ती सावकाश जेवली. समोरची खीर निवून तिच्यावर साय धरली. जेवण झाल्यावर आईने दबकत विचारलं की हे पान गाईला द्यायचं का.

"तू बस," मावशी म्हणाली. "तूच खाय. जित्या माणसाचं पान हाये ते."

आई बसली. रडत रडत तिने सगळं पान संपवलं, मिठाची कणीसुद्धा ठेवली नाही. मावशी शेवटपर्यंत समोर बसून होती.

पुण्यात परतून आठवडा झाला. लोक विचारतात, अकोल्यात बघण्यासारखं काय आहे? मी किल्ला सांगते, कापसाचा बाजार सांगते. पण माझ्या डोळ्यांपुढे ते टेबलच येतं. एवढ्या मायेने दिलेला सल्ला एवढा चुकावा, याची हळहळ जात नाही. काल भाजी निवडताना न राहवून आईला विचारलं, मावशीनं माफ केलं का गं?

आईने मेथीची आणखी एक काडी खुडली.

"जेवू घातलं," ती म्हणाली.