आतोबांचं दार

नाटकातलं ओ की ठो न कळता नाटक बसवणारा, माझ्या आतोबांसारखा माणूस सबंध बंगळुरात दुसरा नसेल. आत्याचे हे यजमान सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पंगतीत पाटांमधलं अंतर ते खिशातल्या टेपनं मोजत. भाजीवाला "स्वल्प जास्ती घातलंय" म्हणाला, की जास्ती म्हणजे किती, हे कळेपर्यंत तिथून हलत नसत.

फाळणीला नऊ वर्षं झाली होती. यशवंतपूरच्या गोदामांमागे बराकींत राहणाऱ्या सिंधी मुलामुलींचं नाटक बसवायला हा माणूस दर रविवारी सायकलवरून का जातो, याचं मला भारी कुतूहल. मी विशीतला, पत्रकं वाचून पेटलेला. त्यांच्यासाठी एक जळजळीत भाषण लिहून घेऊन गेलो. मुलांनी ते मन लावून ऐकलं आणि आपलंच नाटक कायम ठेवलं: न बोलावता आलेले पाहुणे जायचं नाव काढत नाहीत. पाहुणे येणार म्हणजे दार हवं. आतोबांनी प्रत्येकाला सिंधमधल्या आपापल्या घराचं दार कसं होतं ते विचारलं, उंबऱ्यापासून फळ्यांपर्यंत सगळं टिपलं आणि त्यातून एकच दार बनवलं. नाटकात घरमालकीण झालेली सतरा वर्षांची लाजवंती म्हणाली, आतली कडी खूप वर होती. खूप म्हणजे किती, ते तिला सांगता येईना. मग आतोबांनी कडी रिवाजाप्रमाणे चार फुटांवर ठोकली.

तालमीत लाजवंती दाराशी आली की हात डोक्यावर न्यायची, हवेत चाचपडायची आणि वाक्य विसरायची. चार रविवार हेच. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, मला काढा, दुसरी कुणी घ्या. मी म्हटलं, दारच काढा, माझं भाषण होऊ द्या.

आतोबांनी तिलाच विचारलं, "अक्का, घर सुटलं तेव्हा केवढी होतीस?"

"आठ वर्षांची."

"कडीला हात पुरायचा?"

"टाचा उंच केल्या की पुरायचा."

त्यांनी तिला टाचा उंच करायला लावल्या, बोटांपर्यंत टेप धरला आणि कडी पावणेसात फुटांवर नेली.

"आतोबा, हे माप साफ चुकलंय," मी म्हणालो.

"चुकलंय. राहू दे."

प्रयोगात लाजवंतीनं पाहुण्यांना असं फैलावर घेतलं, की बराकींतल्या बायका हसून लोटपोट झाल्या. पाहुणे गेले. तिनं टाचा उंच केल्या आणि कडीला हात घातला. पुढच्या रांगेतून तिची आई नकळत बोलून गेली, "लाजो, सांभाळ, पडशील."

मग कुणी हसलं नाही.

आतोबा गेल्यावर त्यांच्या कागदांत त्या दाराचा आराखडा सापडला. कडीच्या मापाशेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय, "तपासले", आणि खाली सही केली आहे.