बटण दाबायला कुणीतरी

बायको गेली त्या वर्षी भाद्रपदात मी बीडहून तलवाड्याला एकटाच निघालो होतो. वाटेत पावसाने झोडपलं आणि माझ्या जुन्या जीपचे वायपर बंद पडले. गाडी कडेला घेतली. फ्यूज शाबूत होता, मोटरचा आवाजही येत होता. म्हणजे मोटरवरचा नट ढिला झाला असणार. बॉनेट उघडून तो पान्याने आवळला. आता वायपर सुरू होताना नट घसरतो का ते मी बाहेरून बघायचं, तर बटण दाबायला आत कुणीतरी हवं. ते काम नेहमी तिचं असायचं.

सवयीने मी ओरडलो, "कर चालू!"

बाभळीखाली उभा असलेला मेंढपाळ जवळ आला. "कुणाला म्हणता, मामा? आत तर कुणीच न्हाई."

मी पाना पुसत म्हणालो, "तुम्ही दाबता का बटण?"

ओल्या घोंगडीसकट तो आत बसला. वायपर फिरू लागले.

"लई भारी चालतंय की!" तो हसला आणि मेंढरांकडे गेला.

वायपर दुरुस्त झाल्याचं कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मोबाइल काढला, नावं वरखाली केली आणि तसाच खिशात ठेवून निघालो.