ॲम्ब्युलन्स नको म्हणून कोणी सांगितलं

माझ्या नवऱ्याला ॲम्ब्युलन्स उशिरा आली, हे खोटं आहे.

ती आलीच नाही. तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

आज वर्ष झालं. वर्षभर मी गप्प बसले. आता कोणाला वाईट वाटायचं असेल तर वाटू दे.

मी सातवी शिकलेली. बाकी जे आलं ते वाचनालयाच्या पुस्तकांतून. लिहिण्यात चूक असेल तर सांगा. हकिगतीत चूक नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे विमानतळावर इमर्जन्सी कंट्रोल रूमला होते. समोर फोन आणि वायरलेस. टॉवरवरून खबर आली की फायर स्टेशन, ॲम्ब्युलन्स, पोलीस, हॉस्पिटल, सगळ्यांना कळवायचं काम ह्यांचं.

गावी आले की कोणीतरी विचारायचंच, "काय राव, इमान उडिवता का न्हाई अजून?"

हे म्हणायचे, "न्हाई बाबा. ते खाली नीट यावं म्हणून बसतो."

कधी बॅगांच्या पट्ट्यापाशी कोणाला चक्कर यायची. कधी विमानाच्या चाकातून धूर. हे सगळ्यांना तयार ठेवायचे, विमान नीट उतरायचं, लोक बॅगा घेऊन घरी जायचे. त्यांना कळायचंही नाही.

आणि शिव्या. गाडी निघालेली असली तरी डोळ्यांना दिसेपर्यंत शिव्या फोनवरच्या माणसालाच.

मी एकदा म्हटलं, "तुम्हीपण द्या की एखादी."

"त्याचा माणूस पडलाय समोर. मला शिवी दिली तरी चालंल. त्यानं फोन ठेवायला नको."

घरातही तीच सवय. मी सामान सांगितलं की सगळं परत म्हणून दाखवायचे. मलाही म्हणायला लावायचे. "काय ऐकलं ते सांग." जुन्नरच्या बाजारात आम्ही मेथीच्या जुड्या पाढ्यासारख्या म्हणायचो. भाजीवाली हसायची.

मला शिकवून ठेवलं होतं. आधी जागा सांगायची, मग काय झालं ते. जागा कळली की गाडी निघते.

गेल्या वर्षी महाळुंग्याला धाकट्या दिरांच्या मुलाचा साखरपुडा होता. दुपारची वेळ. डीजे चालू. हे खुर्चीवर बसले होते ते घामानं भिजले. छातीला हात लावला.

कोणी म्हणालं ॲसिडिटी. कोणी सोडा आणला.

मी १०८ ला फोन लावला. आधी गाव सांगितलं, मंदिरामागचा मांडव सांगितला. मग सांगितलं, छातीत दुखतंय.

पलीकडं एक मुलगी होती. शांत आवाज. तिनं पत्ता परत म्हणून दाखवला. अगदी ह्यांच्यासारखा.

"श्वास घेतायत ना? त्यांना बसवून ठेवा. फोन चालू ठेवा, ताई."

तेवढ्यात ह्याच धाकट्या भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"वहिनी, तुमी व्हा बाजूला. आपल्या साहेबांच्या माणसाला लावलाय फोन. त्यांची गाडी येती."

आणि त्या मुलीला म्हणाले, "ओ ताई, नको तुमची गाडी. आमची सोय झालीय."

ती काहीतरी विचारत होती. मला तिचा आवाज ऐकू येत होता.

"सांगितलं ना एकदा!" म्हणाले, आणि फोन कापून स्वतःच्या खिशात टाकला.

खिशात फोन पुन्हा वाजला. तिनंच केला होता, हे नंतर नंबरवरून कळलं. भाऊजींनी बघितला आणि कट केला.

ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सगळ्यांना म्हटलं, कोणीतरी परत फोन लावा. प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. सगळे म्हणाले, "येतीय की वहिनी साहेबांची गाडी."

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. आमच्याकडं ही रीतच आहे. दाखला काढायचा, साहेब. शाळेत नाव घालायचं, साहेब. आणि माणूस मरायला टेकला तरी आधी साहेब.

साहेबांची गाडी, म्हणायला ॲम्ब्युलन्स, ओतूरला उभी होती. ड्रायव्हर लग्नात जेवत होता. गाडी आली तेव्हा बाहेर साहेबांचा हसरा फोटो, आत सभेच्या सतरंज्या. ऑक्सिजन नाही.

मंचरच्या अलीकडंच हे गेले.

पण मी आज लिहितेय ते एवढ्यासाठी नाही.

दशक्रियेला नदीवर माईक फिरला. भाऊजी डोळे पुसत बोलले, "एकशेआठला फोन केला व्हता. पण सरकारी गाडी ती. येळंवर कुठं येती?"

लोकांनी माना हलवल्या. साहेबांनी व्यवस्थेवर भाषण केलं.

ज्या माणसानं जन्मभर फोनवरच्या शिव्या खाल्ल्या, त्याच्याच दहाव्याला फोनवरच्या मुलीला शिव्या.

आणि मी डोक्यावर पदर घेऊन ऐकत बसले.

वर्षभर गावात तेच चालू आहे. "गाडी आली न्हाई म्हणून गेला."

आज वर्षश्राद्ध. चौकात फ्लेक्स लागलाय. साहेब फणसाएवढे, हे सुपारीएवढे.

सकाळी भाऊजींचा फोन आला. "वहिनी, साहेब येणारेत. दोन शब्द बोलतील."

"बोलू द्या. मग मीपण बोलेन."

"तुमी काय बोलणार?"

"फोन कोणी कापला ते."

मग म्हणाले, "घरातलं घरात ठेवावं, वहिनी."

मी म्हटलं, "नदीवर माईकवर तुम्ही बोललात. ते घर होतं का?"

थोड्या वेळानं निरोप आला. साहेबांना अचानक मुंबईला जावं लागतंय.

जाऊ द्या. साहेबांचं काम मोठं असतं.

मला भाऊजींवर केस करायची नाही. त्यांना भाऊ मारायचा नव्हता, हे मला कळतं. त्यांना चारचौघांत आपली ओळख दाखवायची होती. त्यात भाऊ गेला. हे त्यांनी एकदा माझ्यासमोर बसून म्हणावं. अजून म्हटलेलं नाही. तोवर त्यांच्या घरचं पाणीही मला नको.

त्या मुलीचं नाव मला माहीत नाही. ती हे वाचेल असंही नाही.

बाई, तू गाडी पाठवत होतीस. तू परत फोनही केलास. तुझं काही चुकलं नाही. आमच्या माणसांनी तुला नको म्हटलं.

अहो, तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी उठून हे सांगितलं असतं. मला वर्ष लागलं.

माझी श्रद्धांजली एवढीच.

निघा निवांत. या आता.