चुंबक आणि शिरीषाचं खोड

ओंडकेकाकांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मला काका दिसलेच नाहीत. दिसलं ते एक झाड. आमच्या इमारतीच्या जिन्याने ते स्वतःच्या पायांनी वर चढत होतं आणि पायांत निळ्या स्लिपर होत्या. मी पालीसारखा भिंतीला चिकटलो. दुसऱ्या मजल्यावर झाड थांबलं, दहा घोडे टाकतील तितक्या धापा त्याने एकट्याने टाकल्या आणि म्हणालं, "साहेब, तेवढी बेल दाबा. हात मोकळे नाहीत."

शहरात कुठेही झाड तोडलं, की काका तिथे हजर. फांद्या जळणाला गेल्या तर जाऊ देत, पण खोडाचंही सरपण व्हावं हे त्यांना बघवत नसे. "अहो, यात दहा टेबलं आहेत!" वखार बंद असली तर खोड रात्रीपुरतं घरी आणायचं, एरवी हातगाडीवर घालून ते वखारीत न्यायचं, फळ्या काढून घ्यायच्या आणि घरात वाळत रचायच्या. जाडीच्या दर इंचाला वाळायला एक वर्ष. पलंगाखाली फळ्या, पलंगावर फळ्या. काकू म्हणायच्या, "मीच तेवढी आधीच वाळलेली आहे, म्हणून रचलेलं नाही."

साठी उलटली, कंबर गेली, हौस जाईना. पण शहरातल्या झाडांच्या पोटात खिळे असतात. क्लासची पाटी, हरवलेल्या मांजराचा फोटो, भाड्याची खोली, सगळं झाडालाच ठोकायचं. काकांच्या ओंडक्यांनी वखारीच्या करवतीचं पातं दोनदा मोडलं होतं आणि शहरात वखार उरली होती एकच. वखारवाल्याने बजावलं, "काका, तिसऱ्यांदा मोडलं, तर पुन्हा इकडे फिरकायचं नाही."

त्यानंतर आलं शाळेसमोरचं शिरीषाचं खोड. तीन आठवडे काका त्याच्याशेजारी उकिडवे. चुंबक इंच इंच फिरवायचं, चिकटलं की छिन्नीने खोदायचं, पकडीने उपटायचं. एकशे चौदा खिळे निघाले.

"काय डॉक्टर, पेशंट कसा आहे?" मी विचारायचो.

"दमलोय हो," काका म्हणायचे.

वखारीत मीही गेलो. पहिली फळी लोण्यासारखी निघाली. आतल्या रेघा बघून वखारवालासुद्धा "वा!" म्हणाला. दुसरी फळी अर्ध्यावर आली आणि खाडकन पातं तुटलं. पार गाभ्याजवळ, विजेची तार बांधायचा चिनी मातीचा गोळा होता. कुणीतरी कधीकाळी बसवलेला, झाडाने गिळलेला. चिनी मातीला चुंबक चिकटत नाही.

वखारवाला ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "काका, आता बास."

"हो," काका म्हणाले, "मलाही तसंच वाटतंय."

परतताना हातगाडी रिकामी होती, तरी ती ओढताना ते तीनदा थांबले.

अर्धं कापलेलं खोड वखारीच्या दारात महिनाभर पडून होतं. मग ते बेकरीवाल्याने भट्टीसाठी नेलं.