पप्पांचा पाचवा शब्द

आमच्या मंडळीत गुड फ्रायडेचे सात शब्द पाळकसाहेब एकटे सांगत नाहीत. येशूनं वधस्तंभावरून उच्चारलेली ती सात वाक्यं सात जणांना वाटून देतात आणि दुपारी बारा ते तीन एकेकानं उभं राहून आपापल्या वाक्यावर बोलायचं असतं. वाटून देतात म्हणायचं नुसतं. ज्याचा शब्द त्याचाच, वर्षानुवर्षं. पहिला शब्द एका रिटायर्ड नर्सबाईंचा आणि पाचवा, तहानेचा, माझ्या पप्पांचा. कुणी तो मागितलाच तर पप्पा असे बघायचे, जसं काही त्यानं आमचा बांध कोरलाय.

पप्पा शाळेत मास्तर होते. त्यांचं भाषण दरवर्षी तेच, मला तर पाठ. येशू तहान लागली म्हणतो आणि एक माणूस आंबेत, म्हणजे शिरक्यात, बुडवलेला स्पंज त्याच्या तोंडाला लावतो, इथं आले की पप्पांचा आवाज चढायचा. "अरे, मरणाऱ्या माणसाला घोटभर पाणी देता येईना तुला?" वर्गातल्या पोराला दटावावं तसं ते त्या स्पंजवाल्याला दटावायचे. पुढच्या बाकावरच्या बाया डोळे पुसायच्या. मी घड्याळ बघत बसायचे, कारण आमचा तीनपर्यंत कडक उपास, आणि माझाच घसा कोरडा पडलेला असायचा.

यंदा पाळकसाहेबांनी तो शब्द मला दिला. पप्पांना लकवा मारून गेला होता. चालणं गेलं, उजवा हात गेला, बोलणं जड झालं, ते एक वेळ सोसलं. पण गिळणंच बिघडलं. साधं पाणी पातळ असतं, ते पोटात जायचं सोडून छातीत उतरतं, म्हणून बंद. पाण्यात एक पावडर कालवून ते पेजेसारखं घट्ट करायचं आणि हनुवटी छातीला टेकवून चमच्याचमच्यानं द्यायचं. पप्पा त्याला खळ म्हणतात. "कपड्याची खळ पाजते मला," येईल त्याला सांगतात. एकदा मी अंघोळीला गेले, तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं टेबलावरचा तांब्या ओढून तोंडाला लावला. न्यूमोनिया झाला. कसेबसे वाचले. पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

तेव्हापासून आमच्या घरात पाणी लपवलेलं असतं. आमच्या हर्सूलकडं नळ कधी येईल ते देवालाच ठाऊक, त्यामुळं ड्रम भरलेले असतातच. त्या ड्रमांच्या झाकणांवर मी विटा ठेवते. पप्पांना चालता येत नाही, तरी ठेवते. आणि दिवसभर पलंगावरून एकच.

"बाई, पाणी."

"नाही पप्पा."

"घोटभर गं."

मग मी कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या ओठांवरून फिरवायची. ते तो चोखायला बघायचे आणि मी झटकन ओढून घ्यायची. लई वंगाळ वाटायचं. कधी ओरडायची पण. "डॉक्टरनं नाही म्हटलंय ना? माझ्या जिवाला का घोर लावता?" ओरडून झालं की स्वयंपाकघरात दाराआड जाऊन गटागटा पाणी प्यायची, आणि त्या पाण्याचीच चीड यायची.

भाषणाची तयारी करायला बसले की डोकं चालेना. शेवटी त्यांनाच विचारलं. "काय बोलू पप्पा?" ते म्हणाले, "पाणी." झालं! मी वैतागून बायबल मिटलं. भांड्यात बोळा पडला होता, तो पिळायला उचलला, आणि तो हातातच राहिला. इतकी वर्षं पप्पा ज्याला दटावत आले तो आता कोण, हे मला दिसलं. बोळा टाकून मी अंगणात जाऊन उभी राहिले, तिथंही करमेना, परत आत आले.

गुड फ्रायडेला पप्पांजवळ बसायला शेजारची खाला आली. रमजान चालू होता, तिचा रोजा होता. खालाच्या दारात माठ असतो. गल्लीत नळाला थेंब नसला तरी तो माठ भरलेला, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही ती हाक मारून पाणी पाजते. तहानलेल्याला नाही म्हणणं म्हणजे तिच्या लेखी मोठा गुन्हा. आणि अशा बाईच्या स्वाधीन मी पप्पांना करून निघाले होते.

"खाला, पाणी नाही. रडले तरी नाही. नुसता बोळा."

"हौ बेटा, समझी ना मैं. कित्ती बार बोलती?"

समजली म्हणाली खरी, पण बोलताना तिनं पप्पांच्या फुटलेल्या ओठांकडं बघितलं, आणि माझा जीव तिथंच अर्धा झाला.

छावणीत चर्चमध्ये बसले ती निखाऱ्यावर बसल्यासारखी. पहिला शब्द झाला, दुसरा झाला. क्षमेबद्दल नर्सबाई लई छान बोलल्या म्हणे, माझ्या कानात एक अक्षर शिरलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं खालाचा माठ. आता पप्पा मागत असतील. आता ती नाही म्हणाली असेल. आता परत मागितलं असेल. ती देणार. मायेनं देणार आणि जीव घेणार! गीत म्हणायला सगळे उभे राहिले तेव्हा मी पुस्तक उलटं धरलं होतं, शेजारणीनं सरळ करून दिलं.

माझी पाळी आली. लिहून नेलेला कागद मी उघडलाच नाही. म्हणाले, "पप्पा दरवर्षी त्या स्पंजवाल्याला बोल लावायचे. मला नाही लावता येत. त्याच्याजवळ द्यायला दुसरं काही नसेल. किंवा पाणी द्यायची बंदी असेल. पण बाकीचे नुसते बघत होते, त्यानं हात तरी वर केला. मी रोज घरी तेच करते. त्याला क्षमा मिळाली असेल तर मलाही मिळेल, एवढीच आशा आहे." आमेन म्हणायचंही राहिलं. तीन वाजायच्या आधी आमच्यात कुणी उठत नाही. मी उठले, मागच्या दारानं बाहेर पडले आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याला वाटेत इतक्यांदा "जरा लवकर" म्हणाले की तो म्हणाला, "ताई, उडवू का आता?"

घरात पाय ठेवला तर सगळं चिडीचूप. आत बघते तर पप्पा उशीला टेकून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतायत, आणि खाला त्यांचा हात धरून बसलेली, डोळे लाल.

"मागितलं?" मी विचारलं.

"बहोत मांगे," खाला म्हणाली. "मेरा तो कलेजा फट गया. फिर मैं बोली, मास्टरसाब, मेरा रोजा है, बेटी का उपास है, तुम बी रखो. तीनों मिलके रखेंगे. तब से चुप हैं."

मी पलंगाजवळ बसले. इतके दिवस मी त्यांना नुसती बंदी घातली होती. खालानं त्यांना पंगतीत बसवलं होतं. मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

"तीन?" पप्पांनी विचारलं.

"थोडं राहिलंय."

त्यांनी मान हलवली. तीन वाजले तशी मी उठून खळ कालवून आणली आणि चमचा पुढं केला. त्यांनी तोंड उघडलं नाही. खालाकडं बघितलं.

"हिचा?"

"तिचा मगरिबला सुटतो पप्पा, सूर्य बुडाल्यावर. तुमचा आत्ता."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. "थांबतो."

"काय थांबता? घ्या गुमान!"

"थांबतो म्हटलं ना." मास्तरांचा आवाज! कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. जो माणूस घोटासाठी दिवसभर माझा जीव खात होता, तो आता देऊ केलेलं घेईना. मी चिडले, रडले, खाला तोंडावर पदर घेऊन हसली आणि तीही रडली. शेवटी मी वाटी झाकून ठेवली. माझ्यासाठी भरलेला ग्लासही त्या वाटीशेजारी ठेवला. मधून मधून बोळा फिरवत राहिले. त्यांनी तो एकदाही चोखला नाही.

अजान झाली. खालानं खजूर खाऊन रोजा सोडला, मी ग्लास उचलला. पप्पांनी कुणी न सांगता हनुवटी छातीला टेकवली आणि तोंड उघडलं. मी चमचा घातला. त्यांनी सावकाश गिळलं.

"खळच आहे," म्हणाले, आणि परत तोंड उघडलं.